हिब्रूचा दाखला

27 फेब्रुवारीला बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात जा, मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणात हिब्रूचा दाखला हमखास ऐकायला मिळतो. शेकडो वर्षे कुणी बोलत नव्हते ती भाषा ज्यूंनी उठवून उभी केली, तिच्यात विद्यापीठे चालवली, संशोधन केले. मग सव्वाआठ कोटींच्या मराठीला काय धाड भरली आहे, असा एकूण सूर असतो. टाळ्या पडतात. अध्यक्षीय भाषणात तोच मुद्दा पुन्हा येतो आणि चहा होतो.

हा दाखला आमच्याकडे चटकन पटतो, कारण इस्रायल आमच्याकडे परके नाही. बोरीच्या द्राक्षबागांत, इंदापूरच्या डाळिंबात आणि आता उसाच्या सरीतही ठिबकच्या नळ्या पसरल्या आहेत. 1992 साली भारताचे इस्रायलशी राजनैतिक संबंध पूर्णपणे जुळले, त्यानंतर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे तिकडे जाऊ लागले. बीरशेबाजवळच्या हात्झेरिम या किबुट्झवर, म्हणजे सामूहिक शेतवस्तीवर, 1965 साली नेताफिम सुरू झाली, ही माहिती आमच्याकडे शेतकीचा पदवीधर नसलेला माणूसही सांगतो. वाळवंटात पाणी थेंबाथेंबाने कसे दिले ते पाहिलेला माणूस तिथल्या भाषेबद्दलही आदराने बोलणार, हे साहजिक आहे.

तक्रार आदराबद्दल नाही. तक्रार अशी की हा दाखला अर्धाच दिला जातो. त्यातला अभिमान आपण उचलतो, त्यामागची वर्गखोली सोडून देतो, आणि त्याची किंमत कुणी भरली हे तर विचारतही नाही.

मुळात 'मेलेली भाषा' हेच पुरते खरे नाही. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकानंतर हिब्रू कुणाची घरची बोली राहिली नव्हती, एवढे बरोबर. पण ती प्रार्थनेत होती, धर्मशास्त्राच्या चर्चेत होती, दूरदेशीच्या व्यापाऱ्यांच्या आणि पंडितांच्या पत्रव्यवहारात होती. दर शनिवारी तोराचा ठरलेला भाग मोठ्याने वाचायचा आणि वर्षभरात सारा ग्रंथ पुरा करायचा, हा नेम सुटला नव्हता. एलिएझेर बेन-येहूदा 1881 साली पॅलेस्टाईनमध्ये येऊन पोहोचला तेव्हा त्याच्या हाती मोडलेले का होईना, पण भरलेले कोठार होते. पुढच्या वर्षी मुलगा झाला, तर त्याच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरा शब्द पडू द्यायचा नाही असा हट्ट त्याने धरला. या हट्टाची गोष्ट आपल्याकडे फार आवडते. एका माणसाने जिद्द धरली आणि भाषा जिवंत झाली, ही कथा चरित्रमालेत शोभते. बेन-येहूदाचे मोठेपण मला कमी करायचे नाही. त्याने शब्द घडवले, वर्तमानपत्र चालवले, कोश रचला. पण एका घरातला एक मुलगा बोलला म्हणून भाषा चालत नाही.

ती चालली ती पुढे. 1948 साली इस्रायलची स्थापना झाली तेव्हा तिथे साडेसहा लाखांच्या आसपास ज्यू होते. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत जवळजवळ तेवढेच नवे आले. कुणी पोलंडमधून, कुणी रुमानियातून, कुणी इराक, येमेन, मोरोक्कोतून. यिद्दिश, अरबी, लादिनो, फारसी, हंगेरियन अशा नाना भाषा बोलणारे हे लोक बहुतेक प्रौढ होते. त्यांना काम हवे होते, घर हवे होते, आणि हिब्रू त्यांना फार तर प्रार्थनेपुरती येत होती. अशा वेळी सरकारने पाट्या रंगवल्या असत्या, दंड ठोठावले असते, तर काय झाले असते याचा अंदाज आपल्याला स्वानुभवाने करता येईल. तिथे 1949 साली जेरुसलेममध्ये 'उल्पान एत्झिओन' हा पहिला वर्ग सुरू झाला. उल्पान म्हणजे नव्याने आलेल्या प्रौढांसाठीची भाषेची शाळा. साधारण पाच महिने, रोज सकाळी, नव्या स्थलांतरितांना फुकट. पहिल्या दिवसापासून हिब्रूतूनच हिब्रू, कारण वर्गातल्या सगळ्यांना समजेल अशी दुसरी भाषाच नव्हती. 1951 पासून 'ओमेर' नावाचे दैनिक निघू लागले, सोप्या हिब्रूत आणि स्वरचिन्हांसह छापलेले. एरवी हिब्रू वर्तमानपत्र स्वरचिन्हे देत नाही. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटी काढून टाकून 'सकाळ' छापला तर नवशिक्याचे जे होईल, तेच तिथल्या नवशिक्याचे होते. रेडिओवर सोप्या हिब्रूतल्या, सावकाश वाचलेल्या बातम्या असत. दाखला द्यायचा असेल तर या सगळ्याचा द्यावा. पण उल्पानच्या नावाने टाळ्या पडत नाहीत.

दुसरे असे की हिब्रू शिकण्याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याच मुलखात घडले आणि ते आपण विसरलो. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरागत समजूत. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, राजपूरकर, अष्टमकर ही आडनावे गावांवरून पडलेली. बोली मराठी, नेसणे मराठी, आणि हिब्रू जवळपास संपलेली. 'शमा' ही एक प्रार्थना तेवढी तोंडी उरलेली. ग्रंथ नाहीत, शिकवणारा नाही, तरी शनिवार मात्र सुटला नाही. भाषा गेली आणि वार राहिला, असा हा प्रकार.

मग एकोणिसाव्या शतकात त्यांनी हिब्रू परत मिळवली आणि ती मिळवली मराठीतून. जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी 1829 साली मुंबईत आला आणि 1832 साली त्याने हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहून छापले. त्याचा हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. बेने इस्रायलींनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. या मातीतला व्यवहारीपणा त्यात दिसतो. 1846 साली हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह मुंबईत निघाली. 1874 साली पुण्यात निघालेल्या हग्गादेत चित्रेही आहेत आणि त्या चित्रांतल्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली, शाळेत हिब्रू शिकवली. शतकाच्या अखेरीस बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखे लोक बायबलातल्या अब्राहाम-योसेफांवर मराठीत कीर्तने करू लागले. पूर्वरंग-उत्तररंग, साकी-दिंडी, सगळे आपले. म्हणजे प्रौढांनी आणि मुलांनी मिळून दोन-तीन पिढ्यांत एक हरवलेली भाषा परत घेतली आणि घरची भाषा सोडली नाही. माझ्या मते बेन-येहूदाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. ती भाषणात कधी ऐकली नाही.

हे मला पुस्तकांतून कळायच्या आधी मित्राच्या घरी कळू लागले होते. आम्ही पुण्यात एकत्र शिकलो. तो रास्ता पेठेतला. सुक्काथ शेलोमो या 1921 साली बांधलेल्या त्यांच्या प्रार्थनास्थळापासून त्याचे घर चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच्या आईला मी काकू म्हणत असे. काकू प्रार्थनास्थळाला मशीद म्हणायच्या, तशी त्या समाजातल्या जुन्या माणसांची रीतच आहे. सत्तरच्या दशकात ते कुटुंब इस्रायलला गेले. मी बारामतीला परत आलो. निवृत्तीनंतर हिब्रूची मुळाक्षरे गिरवायला घेतली ती निम्मी कुतूहलाने, निम्मी त्याच्याकडे जायचे ठरवल्यामुळे. जाणे झाले आणि नेमका शुक्रवार-शनिवार त्याच्याकडे मुक्काम पडला.

तो राहतो दिमोनात. नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेले हे गाव. मोरोक्कोचे ज्यू, मग भारतातले, मग 1990 नंतर सोव्हिएत देशांतून आलेले, असे थर तिथे एकावर एक बसले आहेत. शुक्रवारी दुपारनंतर बस बंद होते, दुकानांची शटरे खाली येतात. इमारतीच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर निराळा वास. मित्राच्या मजल्यावर नारळाच्या दुधातल्या माशांच्या कालवणाचा आणि कोथिंबिरीचा. सूर्यास्ताच्या आधी काकूंच्या सुनेने दिवे लावले. द्राक्षरसाच्या जागी काकूंनी काळ्या मनुका आदल्या रात्री भिजत घालून, सकाळी कुस्करून, गाळून केलेले सरबत होते. कोकणात धर्माला चालणारी वाइन मिळत नसे म्हणून ही तोड निघाली. वाइन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या देशात येऊनही काकूंनी ती सोडली नव्हती. मनुका कुस्करल्यावर चोथा पिळायचा कसा, पंचा किती वेळा धुतलेला असावा, याबद्दलचे त्यांचे नियम धर्मशास्त्राइतकेच कडक होते.

मी वही घेऊन बसलो होतो. आपल्या पिढीची शिकण्याची पद्धत ती: शब्द ऐकला की टिपायचा, रात्री उजळणी करायची. काकूंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "ते आता मिटव. शब्बाथ लागला." शब्बाथला निषिद्ध मानलेल्या कामांचे 39 प्रकार आहेत. पेरणी आहे, मळणी आहे, कणीक भिजवणे आहे, आणि लिहिणे व लिहिलेले पुसणे हेही आहे. त्या घरात सगळेच काही कडक पाळणारे नव्हते. मित्र मधूनच जिन्यात जाऊन मोबाइल पाहून येई आणि आईला ते माहीत असे. पण काकूंसमोर टेबलावर वही नाही, मोबाइल नाही, म्हणजे भाषांतर करून देणारे यंत्र नाही, शब्दकोश नाही. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत जे बोलायचे ते तोंडाने आणि जे लक्षात ठेवायचे ते डोक्यात.

भाषा शिकवणाऱ्यांनी या व्यवस्थेकडे नीट पाहावे असे मला वाटते. लिहायला बंदी असली की माणूस वाक्य मनात जुळवत बसत नाही. पाणी हवे असेल तर पाणी मागावे लागते. जेवण लांबलचक, टीव्ही बंद, बाहेर जायला वाहन नाही. सात-आठ माणसे एका टेबलाभोवती बसतात आणि बोलण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. शतकानुशतके घराघरांत आठवड्यातून एकदा ही बैठक भरत आली. मोहिमा आणि घोषणा तिच्यापुढे कालच्या वाटतात.

मराठी माणसाला हिब्रूत काही गोष्टी फुकट मिळतात. आपण 'बोलतो' आणि 'बोलते' म्हणतो तसे तिथे पुरुष 'मेदाबेर' आणि बाई 'मेदाबेरेत'. इंग्रजीतून शिकणाऱ्याचा तिथे घाम निघतो, आपला नाही. संख्यांना लिंग आहे हे मात्र जड जाते. मित्राची शाळकरी नात माझ्या आकड्यांवर लक्ष ठेवून होती. चुकले की बोट वर. तिच्या बापाचेही चुकायचे, मग त्या दोघांचाच वाद जुंपायचा आणि मी कालवणाकडे वळायचो. सर्वांत अवघड गेले ते काकूंशी बोलणे. हिब्रूत आदरार्थी 'तुम्ही' नाही. नव्वदीकडे झुकलेल्या बाईला एकेरीत हाक मारायची, तीही मी, बारामतीचा! जीभ अडखळली. काकूंना ते लगेच कळले. "इथं पंतप्रधानालाही तूच म्हणतात रे," त्या म्हणाल्या, "आणि आपण विठोबाला काय अहो म्हणतो?"

पण त्या दोन दिवसांत लक्षात राहिली ती निराळी गोष्ट. मी हिब्रूत तोंड उघडले की तरुण मंडळी ताबडतोब इंग्रजीवर यायची. त्यात तुच्छता नव्हती. पाहुण्याचे कष्ट वाचवावेत एवढाच भाव. सैन्यातून सुट्टीवर आलेला मित्राचा पुतण्या तर माझे पहिले वाक्य पुरे होण्याआधीच इंग्रजीत उत्तर देई. हिब्रूला चिकटून राहिली ती म्हातारी आणि अर्धवट हिब्रूची माणसे. शनिवारी दुपारी खाली बाकावर बसलो तेव्हा तळमजल्यावरच्या बाई येऊन बसल्या. युक्रेनहून चाळिशीत आलेल्या, तिकडे इंजिनिअर होत्या. त्या माझ्याशी हिब्रूत बोलल्या, सावकाश, सोपे शब्द निवडून, माझे वाक्य पुरे होईपर्यंत थांबून. याला मनाचा मोठेपणा म्हणावे तर त्यांना इंग्रजी येत नव्हते, हेही खरे. पण थांबण्याची कला त्यांच्याकडे उल्पानमधून आली होती. त्या वर्गात त्या आपल्या थोरल्या मुलाशेजारी बसून शिकल्या होत्या. मित्राच्या वेळच्या वर्गात मोरोक्कोचा खाटीक होता, रुमानियाचा डॉक्टर होता. "सगळे सारखेच बावळट," तो म्हणाला, "त्यामुळे कुणाला लाज नव्हती." शिक्षिकेला एकच काम होते, कुणी चुकले तरी हसू द्यायचे नाही आणि दुसऱ्या भाषेवर जाऊ द्यायचे नाही.

आता किंमत. त्या नातीला मराठी कळते. काकू "जेव गं" म्हणाल्या की ती जेवते, "दार लाव" म्हणाल्या की लावते, पण उत्तर हिब्रूत देते. तिच्या बापाला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. बापाच्या पिढीची मुले शाळेत होती तेव्हा घरीही हिब्रूच बोला, नाहीतर मुले मागे पडतील, असे शिक्षक सांगत आणि आईबाप ऐकत. भारतात दोन भाषा वर्षानुवर्षे सहज सांभाळणारा समाज तिथे दोन पिढ्यांत एकभाषी झाला. इस्रायलमधल्या मराठी ज्यूंचे 'मायबोली' नावाचे नियतकालिक निघत आले आहे, महाराष्ट्र दिन साजरा होतो, मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या प्रसादाच्या, ताटात पोहे, गूळ, खोबरे अजून असते. पण मराठी वाचणारे पिकत चालले आहेत, आणि खाली नवे येत नाहीत.

हे एकट्या मराठीचे झाले असे नाही. यिद्दिश, लादिनो, इराकी ज्यूंची अरबी, सगळ्यांची तीच गत. 1923 साली तेल अवीवमध्ये हिब्रूरक्षकांची तुकडी उभी राहिली होती. रस्त्यात यिद्दिश बोलणाऱ्याला अडवायचे, यिद्दिश कार्यक्रम उधळायचे, हे त्यांचे काम. राज्य आल्यावरही सुरुवातीच्या वर्षांत यिद्दिश नाटकांवर आणि दैनिकांवर निर्बंध होते. बेने इस्रायलींना तर भाषा शिकूनही पुरे पडले नाही. ते खरे ज्यू की नाहीत, त्यांची लग्ने इतरांशी लावावीत की नाही, असा वाद धर्मपीठाने काढला; निदर्शने झाली, उपोषणे झाली, आणि 1964 साली संसदेच्या ठरावाने तो मिटला. अरबांची गोष्ट आणखी निराळी आणि आणखी कडू. ज्या वर्षी हे राज्य उभे राहिले त्याच्या आसपास सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी अरब घरादारांना मुकले, आणि 2018 च्या कायद्याने देशात उरलेल्यांच्या अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जाही काढून घेतला. हिब्रूचा गौरव करताना एवढे सगळे झाकून ठेवणे हे प्रामाणिकपणाचे नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की हिब्रूकडून घेण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रौढाला शिकवण्याची व्यवस्था. आणि तिच्यात जे वाईट होते, घरची भाषा सोडायला लावणे, ते टाळण्याची अक्कल कोकणातल्या बेने इस्रायलींकडून घ्यावी. आपण नेमके उलटे करतो आहोत. रक्षकांच्या तुकड्या आपल्याकडे आहेत. दुकानदाराला अडवायचे, बँकेतल्या कारकुनाला जाब विचारायचा, 'मराठी बोल' म्हणून दरडावायचे, त्याचे चित्रीकरण करायचे. वर्ग मात्र नाही.

बारामतीच्या एमआयडीसीत, इंदापूरजवळच्या लोणी देवकरच्या कारखान्यांत, भिगवणच्या कागद गिरणीच्या परिसरात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसे आज बायकामुलांसह राहतात. एखादा पोरगा फाट्यावरच्या टपरीवर येतो, धीर करून "एक चाय द्या" म्हणतो. टपरीवाला, अस्सल माळेगावचा, लगेच म्हणतो, "हां भैया, बैठो, देता है." झाले. दिमोनातल्या त्या पुतण्याचेच हे भावंड. फरक इतकाच की तिथे आलेल्याला पुढे उल्पान होते, इथे त्या पोराला मराठी शिकायची जी काय संधी होती ती तेवढीच, आणि ती आपण सौजन्याने हाणून पाडली. पाच वर्षांनी त्याच पोराला 'इतकी वर्षे इथे राहतोस, मराठी येत नाही?' म्हणून दम देणारेही आपणच. आपली भाषा मोडकी ऐकायला आपल्याला आवडत नाही, तिच्यापेक्षा मोडके हिंदी बरे वाटते. हा शुद्धतेचा सोस असेल, न्यूनगंड असेल, परिणाम एकच.

शिकवण्याची साधने अजिबात नाहीत असेही नाही. राज्य मराठी विकास संस्था आणि मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग यांनी मिळून अमराठी प्रौढांसाठी 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार केला आहे. परकी भाषा कशी शिकवतात हे ज्यांना माहीत आहे अशांनी केलेले ते काम. परंतु पाळी संपवून आलेल्या कामगारापर्यंत ते न्यायचे कुणी? 2020 साली सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली ते योग्यच झाले, त्यामुळे त्याच्या मुलांना मराठी येईल. बाप मात्र हिंदीतच राहील. 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, त्याचे फटाके बारामतीतही वाजले. त्या दर्जाने जुन्या ग्रंथांचे भले होवो, पण 'पगाराची पावती द्या' हे वाक्य कुणाला शिकवायचे काम तो करणार नाही.

आणि ज्यांना आपण परके म्हणतच नाही त्यांचे काय? दर हंगामाला माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या फडांवर बीडकडून ऊसतोड कुटुंबे येतात. त्यांतल्या बंजारा मुलांची घरची भाषा गोरबोली. साखरशाळा असली तर तिथे मराठी पुस्तक त्यांच्यापुढे येते आणि ती मुले गप्प बसतात. तिथे गोरबोली येणारी एखादी बाई मदतनीस म्हणून हवी, जी दोन्ही भाषांत ये-जा करील. मित्राच्या नातीचे जे झाले ते या मुलांचे होता कामा नये. विल्सनचे व्याकरण लक्षात ठेवावे: नवी भाषा घरच्या भाषेतून शिकवता येते, आणि तशी शिकवली तर दोन्ही टिकतात.

बारामतीला भाषेचा अभिमान बाळगायला कारणे आहेत. श्रीधरांनी 1718 साली 'शिवलीलामृत' इथेच पुरे केले. मोरोपंतांनी इथे बसून आयुष्यभर आर्या रचल्या. त्यांचे स्मारक आहे, जयंती होते, ठीक आहे. पण मोरोपंतांची मराठी आज आम्हालाच टिपा पाहून वाचावी लागते. कऱ्हेच्या काठी उद्या कोणती मराठी बोलली जाईल हे एमआयडीसीच्या फाटकाबाहेर ठरणार आहे.

म्हणून सूचना साधी आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या आमच्या जुन्या महाविद्यालयांनी, साखर कारखान्यांनी आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांनी मिळून आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी प्रौढांसाठी मराठी बोलण्याचा वर्ग काढावा. फी नको, परीक्षा नको, आणि पहिले काही आठवडे वही-पेनही नको. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेली, तासिका तत्त्वावर खितपत पडलेली मुले-मुली तालुक्यात भरपूर आहेत, त्यांना त्याचे मानधन द्यावे. भाषा गौरव दिनाच्या मंडपाचा एका वर्षीचा खर्च वाचवला तरी सुरुवात होऊ शकते. आणि वर्ग निघेपर्यंत, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती: टपरीवर, रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत कुणी अडखळत मराठी बोलला तर हिंदीवर जाऊ नका. त्याचे वाक्य पुरे होऊ द्या आणि उत्तर मराठीतच द्या, जरा सावकाश.